घोळ उपटायची की खुडायची?

एप्रिल सरता सरता नागपुरात खिडक्याखिडक्यांना कूलर लागतात. टाकी गळते, नळी ठिबकते आणि खालच्या ओल्या जागेत महिनाभरात एक रोप पसरतं. तांबूस देठ, चमच्यासारखी गुबगुबीत पानं, फांद्या जमिनीला चिकटून चहूकडे फाकलेल्या. आजूबाजूची दूर्वा वाळून पिवळी पडलेली, तुळशीनं मान टाकलेली, पारा ४५च्या आसपास, आणि हे रोप मात्र टवटवीत. बाग असलेल्या बहुतेक घरी मग एकच होतं. खुरपं घ्यायचं, बुंध्यावर घाव घालायचा, तुकडे तिथंच कडेला फेकायचे. दहा-पंधरा दिवसांत एकाची पाच रोपं झालेली असतात आणि ‘हा कचरा काही केल्या जात नाही’ हे पालुपद सुरू होतं.

ही घोळ. हिच्या नावातच घोळ आहे. मुंबईकडे ‘घोळ’ मागितली तर कोळीण मासा पुढे करेल. हिंदी बोलणारा भाजीवाला हिला कुलफा म्हणेल, नाहीतर नोनिया. संस्कृतात ती लोणिका, खारट चवीवरून. लिनियसनं १७५३ साली तिचं नाव पोर्तुलाका ओलेरासिया असं नोंदवलं. ओलेरासिया म्हणजे भाजीपाल्यातली. पालकाच्या आणि कोबीच्या शास्त्रीय नावातही हाच शब्द आहे. म्हणजे कागदोपत्री ती पावणेतीनशे वर्षांपासून भाजीच आहे.

विदर्भात उन्हाळ्यात बाजारात दिसते ती बहुतेकदा चिवळ. चिवळ ही घोळीची धाकटी बहीण, पण जात वेगळी. चिवळीची पानं बारीक, मुगाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून थोडी मोठी. देठ दोऱ्यासारखे, आणि पेराशी बारीक पांढरे केस, डोळ्यांजवळ धरलं की दिसतात. फुलाला पाकळ्या चार. घोळीचे देठ पेन्सिलीएवढे जाड होऊ शकतात, ते गुळगुळीत असतात, आणि पिवळ्या फुलाला पाकळ्या साधारण पाच. दोन्ही खायच्याच, त्यामुळे त्यांच्यात गल्लत झाली तरी बिघडत नाही. निवडायला चिवळ जास्त वेळखाऊ आणि चवीला जास्त नाजूक. चिवळीला बाजारात मान आहे आणि घोळीला नाही याचं कारण आमच्या मते चव नसून ती फुकट उगवते हे आहे.

गल्लत खरी महागात पडते ती दुधीशी. दुधी म्हणजे भोपळा नव्हे, जमिनीलगत पसरणारं तण. नायटी असंही म्हणतात. तीसुद्धा कूलरखाली, फरशीच्या फटीत, कुंडीच्या कडेला, अगदी घोळीच्या शेजारी उगवते आणि तिचेही देठ तांबूस असतात. लांबून सारखीच वाटते. ओळखायची रीत सोपी आहे: देठ मोडा. दुधीतून लगेच पांढरा चीक येतो, घोळीतून नुसतं नितळ पाणी. चीक दिसला की टाकून द्या आणि हात धुवा, तो डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते. दुधीचं पान पातळ, कागदासारखं. घोळीचं जाड, चिमटीत दाबलं की कच्च्या काकडीसारखं फुटतं. घोळीच्या देठावर केस नसतात. आणि एक लक्षात ठेवा, ही दोन्ही रोपं एकमेकांत गुंतून वाढतात. एक देठ तपासला आणि मूठभर ओढून घेतलं असं करू नका. प्रत्येक फांदी खुडताना मोडलेल्या टोकाकडे नजर हवी.

दुसरा तोतया पावसाळ्यातला, विषखापरा. पानं गोलसर, मांसल, देठ जाड, त्यामुळे हा घोळीच्या जास्त जवळचा. पण त्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि जोडीतलं एक मोठं, एक लहान असतं. पानाला स्पष्ट देठ असतो, देठाच्या तळाशी पातळ पापुद्रा असतो आणि फूल पांढरट-गुलाबी, पानाच्या बगलेत दडलेलं. घोळीचं पान जवळजवळ बिनदेठाचं, टोकाशी रुंद आणि बुडाशी निमुळतं. फांदीच्या शेंड्यावर चार-पाच पानांचा झुबका, त्याच्या मधोमध पिवळं फूल. विषखापऱ्याची कोवळी पानं काही ठिकाणी खातात, पण नावात विष उगाच आलेलं नाही. जास्त झाला तर पोट धरून बसावं लागतं. माहीतगाराशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.

नर्सरीत ‘पोर्तुलाका’ म्हणून रंगीत फुलांची टोपली मिळते, ती घोळीची नातलग. सुईसारख्या पानांची ‘ऑफिस टाइम’सुद्धा त्याच घराण्यातली. पण शोभेच्या रोपांवर कोणती कीटकनाशकं मारली असतील ते विकत घेणाऱ्याला कळत नाही. ती ताटात घेऊ नका.

घोळ कुठून खुडायची हा प्रश्न ओळखण्याइतकाच मोठा आहे. ही वनस्पती जमिनीतून नायट्रेट आणि जड धातू चांगले ओढून घेते. नाग नदीच्या काठची, नाल्याच्या बाजूची, रस्त्याच्या दुभाजकातली, बांधकामाच्या राडारोड्यावरची घोळ कितीही रसरशीत दिसली तरी नको. उलट अशा जागी ती जास्तच रसरशीत दिसते. संत्र्याच्या बागेत किंवा पऱ्हाटीच्या वावरात धुऱ्याजवळ भरपूर मिळते, पण आधी विचारून घ्या की तणनाशक केव्हा मारलं. ग्लायफोसेटसारखं औषध मारल्यावर रोप लगेच मरत नाही. घोळीच्या अंगात इतकं पाणी असतं की पुढचे काही दिवस ती हिरवीगारच दिसते, आणि नेमके तेच दिवस धोक्याचे. ‘परवाच मारलं’ असं उत्तर आलं तर टोपली रिकामी घेऊन परता. कूलरखालची घोळ खायला हरकत नाही, पण टाकीत वाळा-मोगऱ्याचं सुवासिक द्रव्य किंवा डास मारायचं औषध टाकत असाल तर तीही नको.

आता ती इतकी चिवट का, ते समजून घेऊ, कारण स्वयंपाक आणि निंदण दोन्हीची किल्ली तिथं आहे. घोळीच्या वजनात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. भर उन्हात ती पानांवरची रंध्रं मिटून घेते आणि पाणी जपते. पाण्याचा ताण वाढला की ती हवा घ्यायची पद्धतच बदलते: रात्री रंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, मॅलिक आम्लाच्या रूपात साठवून ठेवायचा आणि दिवसा दारं बंद करून तो वापरायचा. ज्वारी-मक्यासारखी पद्धत आणि निवडुंगासारखी पद्धत, दोन्ही तिच्याजवळ आहेत, आणि २०२२ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की त्या दोन्ही पानातल्या एकाच पेशीत चालू शकतात. मॅलिक आम्ल म्हणजे कच्च्या सफरचंदाची आंबटाई. म्हणून उन्हाळ्यात ताण बसलेली घोळ सूर्य उगवायच्या आत खुडली तर चांगली आंबट लागते आणि त्याच रोपाची फांदी दुपारी चारनंतर खुडली तर सौम्य. ताकात किंवा दह्यात घालायची असेल तर संध्याकाळी खुडा, वरणात घालायची असेल आणि चिंच वाचवायची असेल तर पहाटे. पावसाळ्यात भरपूर पाण्यावर वाढलेल्या घोळीत हा फरक फारसा लागत नाही. ती एकूणच पाणचट असते.

खुडायचं काय? शेंड्याकडचे तीन-चार बोटं, फार तर सात-आठ सेंटिमीटर. नखानं खुडलं तर ‘टक’ आवाज येऊन तुटावं. वाकलं पण तुटलं नाही तर तो भाग जून झाला. बुंध्याजवळची दोन-तीन पेरं ठेवली की बगलेतून नवे फुटवे येतात आणि दहा-बारा दिवसांत तीच फांदी पुन्हा खुडायला तयार. चार-पाच वेळा सहज खुडता येते. मात्र खुडायला उशीर झाला की फूल येतं. उगवल्यापासून साधारण चार ते सहा आठवड्यांत पहिलं फूल. ते उन्हात सकाळचे काही तासच उमलतं, त्यामुळे उशिरा बागेत जाणाऱ्याला ते दिसतच नाही आणि ‘हिला अजून फूल कुठं आलंय’ असं वाटून तो निर्धास्त राहतो. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत बी तयार.

बी पाहायला हवं असेल तर शेंड्यावरच्या पानांच्या झुबक्यात बोट घाला. गव्हाच्या दाण्याएवढी, टोकदार टोपीची कुपी लागेल. पिकलेल्या कुपीची टोपी नखाच्या धक्क्यानं अलगद निघते, डबीचं झाकण निघावं तशी, आणि आत काळंभोर, चमकदार, खसखशीहून बारीक बी खच्चून भरलेलं असतं. वारा लागला की बाहेर. मोठ्या एका रोपाला लाखभर किंवा त्याहून जास्त बी येऊ शकतं आणि ते मातीत कित्येक वर्षं, अनुकूल जागी दशकानुदशकं जिवंत राहतं.

म्हणून निंदणाचा नियम एकच: टोपी सुटायच्या आत. आणि तो आपोआप पाळला जातो जेव्हा घरात कोणाला ती भाजी हवी असते. दर दहा-बारा दिवसांनी शेंडे खुडणाऱ्या बागेत घोळीला बी धरायची उसंतच मिळत नाही.

तरीही सगळी काढायचीच असेल, तर खुरप्यानं तुकडे करू नका. पेर असलेला इंचभर तुकडा ओल्या मातीवर पडला की मुळं धरतो. पॉवर टिलर किंवा फावड्यानं घोळ ‘साफ’ करणारे लोक खरं म्हणजे तिची कलमं लावत असतात. पाऊस पडून गेल्यावर, माती भुसभुशीत असताना, मधल्या सोटमुळाजवळ चिमटीत धरून अख्खं रोप सरळ वर ओढा. पसरलेलं रोप कितीही मोठं असो, मूळ मधोमध एकच असतं. फक्त चिवळीच्या फांद्या पेरापेराला मुळं धरतात, तिला खालून विळ्यानं सोडवावं लागतं. उपटलेलं रोप मातीवर ठेवू नका. त्याच्या देठात इतकी शिदोरी असते की मूळ हवेत असूनही ते फुललेल्या कळ्यांचं बी पिकवून मोकळं होतं. मे महिन्यात गच्चीच्या फरशीवर किंवा पत्र्यावर मूळ वर करून टाकलं तर दोन-चार दिवसांत वाळतं. जुलै-ऑगस्टमध्ये वाळत नाही, तेव्हा बी धरलेलं रोप पिशवीत बांधून कचऱ्यातच द्यावं. घरच्या खताच्या ड्रमात बी मरण्याइतकी उष्णता सहसा होत नाही. पुढच्या वर्षी खत घातलेल्या प्रत्येक कुंडीत घोळ दिसली तर कारण हेच. बियांना उगवायला उजेड लागतो, म्हणून वाळलेला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट सात-आठ सेंटिमीटर जाड अंथरलं की बरंचसं काम होतं. उन्हाळ्यात पातळ प्लास्टिक अंथरून माती तापवायची पद्धत इथल्या उन्हात चांगली चालते, पण घोळीच्या बियांना इतर तणांपेक्षा जास्त ताप लागतो. माती आधी भिजवून, कडा मातीनं बंद करून, किमान सहा आठवडे ठेवली तरच उपयोग. उथळ, कोरडी आणि आठ दिवसांत उचलली तर प्लास्टिकचे पैसे गेले.

स्वयंपाकघरात पहिली अडचण रेतीची. घोळ जमिनीला टेकून वाढते, पावसाचे शिंतोडे पानांच्या बगलेत माती भरतात. नळाखाली धरून ती निघत नाही. मोठ्या गंजात भरपूर पाणी घेऊन घोळ दहा मिनिटं बुडवून ठेवा, हातानं दोन-तीनदा हलवा आणि भाजी वरून उचलून घ्या. गंज ओतून भाजी चाळणीत घेतली तर तळाची रेती परत भाजीवर. असं तीन पाण्यांनी. तळाशी काळे बारीक कण दिसले तर ती रेती नसून बी आहे; खाल्लं तर अपाय नाही, दाताखाली कचकचतं एवढंच. जाड देठ टाकू नका, कोवळ्या भागासोबत बारीक चिरा. चिरल्यावर धुवायची नाही, सगळी आंबटाई पाण्यात जाते.

दुसरी अडचण बुळबुळीतपणाची. घोळीत भेंडीसारखा चिकट द्रव असतो. कोरडी भाजी करताना झाकण ठेवलं, आच मंद ठेवली आणि मीठ आधी घातलं तर कढईत हिरवा रबडा होतो. मीठ पाणी खेचून बाहेर काढतं, झाकण ते पाणी आतच ठेवतं. म्हणून पसरट लोखंडी कढई, मोठी आच, झाकण नाही, मीठ शेवटी. पाव किलो चिरलेल्या घोळीला पाव वाटी मूग डाळ अर्धा तास भिजवून घ्या. दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, सात-आठ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, दोन-तीन सुक्या मिरच्या. लसूण तांबूस झाल्यावर हळद आणि निथळलेली डाळ घालून तीन-चार मिनिटं परता, पाण्याचा हबका मारून डाळ बोटचेपी होऊ द्या. मग घोळ. पाच-सहा मिनिटांत पाणी सुटून आटतं. सराट्यानं सारखी ढवळत बसू नका, पानं फुटून चिकटपणा वाढतो. दोन-तीनदा खालची वर केली की पुरे. डाळीचा दाणा अख्खा राहायला हवा. ज्वारीची भाकर, कांदा, आणि काही नको.

तो चिकटपणा अडचण न राहता कामाला येतो डाळभाजीत. नागपुरी डाळभाजी पालकाची करतात, चिवळीचीही करतात. घोळीची आमच्या मते सर्वांत चांगली, कारण चिंच-टमाटर न घालता आंबट होते आणि बेसनाशिवाय दाट होते. अर्धी वाटी तुरीची डाळ, दोन चमचे हरबऱ्याची डाळ आणि दोन चमचे शेंगदाणे. हरबरा डाळ आणि दाणे दोन तास भिजवलेले. हे सगळं आधी वेगळं शिजवून घ्यायचं. घोळ डाळीबरोबरच कुकरला लावली तर तिच्या आम्लामुळे डाळ लवकर शिजत नाही, हरबरा डाळ तर पाच शिट्या होऊनही टणक राहते. डाळ शिजली की नुसती हाटायची, घोटायची नाही. मग पाव किलो घोळ आणि दोन वाट्या गरम पाणी घालून उघड्या गंजात दहा मिनिटं उकळी. मीठ जरा हात राखून, कारण भाजी स्वतःच खारट. फोडणी वरून: तीन चमचे तेल, जिरं, हिंग, दहा पाकळ्या लसूण, चार हिरव्या मिरच्या, हळद, थोडं तिखट. फोडणी ओतल्या ओतल्या झाकण दोन मिनिटं ठेवायचं. सांबार असला तर वरून, नसला तर अडत नाही. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचा तो वेगळा.)

चिवळ मिळाली तर फुनके करा. हरबरा आणि तुरीची डाळ निम्मी निम्मी, मिळून एक वाटी, चार तास भिजवून पाणी पूर्ण निथळून भरड वाटायची. मिरची, लसूण, जिरं वाटतानाच घालायचं, पाणी एक थेंबही नाही. त्यात दोन वाट्या निवडलेली चिवळ, मीठ, हळद, चमचाभर तेल. मुठीत दाबून मुटके करायचे आणि चाळणीत पंधरा मिनिटं वाफवायचे. मुटके चाळणीतच पसरले तर डाळीत पाणी राहिलं होतं. वाटीभर पिठात चमचाभर ज्वारीचं पीठ मिसळून पुढचा घाणा वाचवता येतो. खाताना कुस्करून वर कच्चं तेल, किंवा सोबत कढी.

ताकातली घोळ करायची तर ताकाला आधी दोन चमचे बेसन नीट लावून घ्या, गुठळी राहू देऊ नका, आणि घोळ फोडणीत मऊ झाल्यावर आच बारीक करून ताक ओता. उकळी फुटेपर्यंत एकाच दिशेनं ढवळत राहायचं, नाहीतर घोळीच्या आंबटपणानं ताक फाटतं. कच्ची कोशिंबीर दोन मिनिटांची: कोवळे शेंडे, घट्ट दही, दाण्याचा कूट, साखर चिमूटभर, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. मीठ अगदी वाढताना.

दह्या-ताकाची ही जोडी नुसती चवीची नाही. घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं, पालकाच्या तोडीस तोड. दह्यातलं कॅल्शियम त्याला पोटातच बांधून टाकतं, त्यामुळे रक्तात कमी जातं. उकळून पाणी टाकलं तरी बरंच ऑक्झलेट निघून जातं, सोबत चवही जाते. ज्यांना मूतखड्याचा त्रास होऊन गेला आहे त्यांनी घोळ टाळावी, निदान रोज खाऊ नये, आणि इथल्या उन्हाळ्यात, जेव्हा घामानं लघवी कमी होते, तेव्हा तर नाहीच. किडनीच्या आजारात पोटॅशियमवर बंधन असतं. घोळीत १०० ग्रॅमला ५०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बाकीच्यांनी आठवड्यातून दोनदा खुशाल खावी.

हल्ली घोळीला ‘ओमेगा-३ चा खजिना’ म्हणून डोक्यावर घेतात. पालेभाज्यांत तिच्यात ते जास्त आहे हे खरं: १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम. पण जवसाची चटणी एक लहान चमचा घेतली तर त्याहून जास्त मिळतं, आणि जवस वैदर्भीय घरात काही नवीन नाही. घोळ चवीसाठी खा. उन्हाळ्यात मेथी-पालक सुकलेली, महाग झालेली असते, तेव्हा ताजी हिरवी भाजी दारातच उभी आहे, हेच तिचं मोल.

मुद्दाम लावायची असेल तर फार उस्तवार नाही. वीतभर खोल ट्रे किंवा फुटकी बादली, तळाला भोकं, निम्मी माती, निम्मं रेती आणि जुनं शेणखत. बी भुरभुरून नुसतं हातानं दाबायचं, वर माती टाकायची नाही. माती टाकली की उजेड अडतो आणि उगवण बसते. मार्चपासून पुढे, माती हाताला कोमट लागायला लागली की लावा. डिसेंबरात लावलेलं बी पडून राहतं. त्याहून सोपं म्हणजे बोटभर देठ कापून खालची पानं काढून ओल्या मातीत खोचा, आठवड्यात धरतो. पाणी रोज घालू नका. मुळं सडून बुंधा काळा पडतो तो पाण्याच्या लाडानंच, पाण्याअभावी घोळ मेल्याचं क्वचितच दिसतं. युरिया तर अजिबात नको. पानं फोफावतात, चव जाते आणि नायट्रेट साठतं. पावसाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला पांढरे फोड दिसले तर ती बुरशी, तेवढ्या फांद्या काढून फेका आणि रोपं विरळ करा. पानात पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा म्हणजे नागअळी. ती पानं खुडून टाकली की झालं, फवारणीची गरज नाही.

नोव्हेंबरात थंडी सुरू झाली की पानं लहान, लालसर, कडवट होतात. तेव्हा शेवटची खुडणी करून रोपं उपटा. जाड देठ असतील तर बोटाएवढे तुकडे करून, कपड्यावर सावलीत चार तास सुकवून, लिंबाच्या लोणच्याच्या खारात घाला. पाणी राहिलं तर दोन दिवसांत बुरा येतो.

आणि भाजी धुतलेलं पाणी. इथं नळाचं पाणी जपून वापरायची सवय असल्यामुळे ते सहज कुंड्यांना घातलं जातं. गंजाच्या तळाचे काळे कण आठवा. ते पाणी गुलाबाला, शेवंतीला घालू नका. मोरीत ओता, किंवा घोळीच्याच ट्रेमध्ये.